नव्हतं ते झालं : इंग्रजीतल्या ‘गेट’ची गोष्ट

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांच्या शब्दार्थांच्या वहीत ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदासमोर एकच अर्थ लिहिलेला असायचा : मिळवणे. (फाटकाचं गेट वेगळं, इथे बोलतोय ते जी-ई-टी.) तर्खडकरी पद्धतीने पाठ केलेला हा अर्थ शाळेच्या पेपरापुरता पुरतो. पुढे इंग्रजी कानावर पडायला लागलं की मात्र पंचाईत होते. धावण्याच्या शर्यतीत सर ‘गेट सेट’ म्हणतात, तेव्हा कुणाला काही मिळवायचं नसतं, पवित्रा घ्यायचा असतो. 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मुळे ‘गेट वेल सून’ घराघरांत पोचलं. तिथेही मिळवणं नाही, बरं होणं आहे. दहावीच्या बॅचचं ‘गेट-टुगेदर’ म्हणजे जमणं, ‘गेट आउट’ म्हणजे चालते व्हा, ‘आय गेट इट’ म्हणजे कळलं, आणि ‘गेट द डोअर’ म्हणजे दार कोण वाजवतंय ते जरा बघ.

अशा क्रियापदांनी कोशकारांनाही घाम फोडला आहे. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश 1755 साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत जॉन्सनने काही क्रियापदांबद्दल रीतसर कुरकूर केली आहे : यांचा अर्थ सैल, वापर मोघम आणि मूळ कल्पनेपासून हे कुठल्या कुठे गेलेले. ‘गो’, ‘पुट’, ‘रन’, ‘टेक’ यांच्या त्या यादीत ‘गेट’ आहेच. अलीकडे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ या एका क्रियापदाची नोंद नव्याने केली, तेव्हा तिचे 645 अर्थ निघाले आणि त्या कामात नऊ महिने गेले.

गंमत अशी की जी क्रियापदं कोशकाराला जड जातात, त्यांच्यावरच रोजच्या बोलण्याचा गाडा चालतो. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये परक्यांना चटकन शिकता यावी म्हणून ‘बेसिक इंग्लिश’ नावाची आटोपशीर इंग्रजी तयार केली. एकूण शब्द 850, आणि त्यांत क्रियापदं फक्त 18. अगदी निवडून घेतलेल्या त्या अठरांतही ‘गेट’ला जागा मिळाली. कारण ते हाताशी असेल, तर पोचणं, होणं, आणणं, मिळणं यांसाठी वेगवेगळी क्रियापदं शिकावी लागत नाहीत.

म्हणजे एवढ्या सगळ्या अर्थांच्या मुळाशी काहीतरी एक असलं पाहिजे. ते आहेही, आणि ते मिळवणं नाही.

आधी आणि नंतर

इंग्रजीत स्थिती सांगणारी दोन मोठी क्रियापदं आहेत : ‘बी’ आणि ‘हॅव’. अमुक कसं आहे, कुठे आहे, हे ‘बी’ सांगतं; कुणाकडे काय आहे, हे ‘हॅव’ सांगतं. दोन्ही स्थिर. त्या स्थितीत माणूस कसा आला, हे त्यांना सांगता येत नाही. ते काम ‘गेट’ करतं.

‘आय अॅम टायर्ड’ म्हणजे मी दमलेला आहे. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमलो. ‘शी इज होम’ म्हणजे ती घरी आहे. ‘शी गॉट होम’ म्हणजे ती घरी पोचली. ‘दे आर मॅरिड’ म्हणजे त्यांचं लग्न झालेलं आहे. ‘दे गॉट मॅरिड’ म्हणजे त्यांचं लग्न लागलं. ‘ही हॅज अ जॉब’ म्हणजे त्याला नोकरी आहे. ‘ही गॉट अ जॉब’ म्हणजे त्याला नोकरी लागली.

प्रत्येक जोडीत पहिलं वाक्य उंबरठ्याच्या आतलं आहे आणि दुसरं उंबरठा ओलांडतानाचं. ‘गेट’चं काम एवढंच : आधी नव्हतं, नंतर झालं. काय झालं, हे त्याच्या पुढचा शब्द सांगतो. पुढे वस्तू आली की मराठीत मिळणं किंवा आणणं होतं, विशेषण आलं की होणं, जागा आली की पोचणं. एवढी एक किल्ली हाती असली की कोशातले निम्मे अर्थ पाठ करायची गरज उरत नाही.

म्हणूनच लग्नाच्या वाढदिवसाला ‘वी आर मॅरिड इन 1998’ लिहिलेलं खटकतं. 1998 मध्ये घडली ती घटना. तिला ‘गॉट मॅरिड’ हवं. मराठीत ‘आमचं लग्न 1998 ला झालं’ म्हणताना आपली चूक होत नाही, कारण ‘असणे’ आणि ‘होणे’ ही दोन निराळी क्रियापदं आपल्या जिभेवर बसलेली आहेत.

समुद्रापलीकडून आलेलं

इतकं घरगुती वाटणारं हे क्रियापद इंग्रजीत बाहेरून आलं. इ. स. 793 मध्ये व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढच्या शतकात ही मंडळी नुसती लुटायला न येता वसायला आली, आणि इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत शेती करू लागली. शेजार झाला, सोयरिकी झाल्या, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतले शब्द इंग्रजीत मिसळले : ‘स्काय’, ‘एग’, ‘विंडो’, ‘हजबंड’, ‘लॉ’, ‘टेक’, इतकंच काय, ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामंसुद्धा. ‘गेट’ हे त्याच वाटेने आलं. नॉर्समध्ये त्याचं रूप ‘गेता’ असं होतं. आइसलँडमध्ये हे क्रियापद आजही चालतं, पण ‘शकणे’ या अर्थाने.

जुन्या इंग्रजीत या घराण्यातली मुख्यतः उपसर्ग लावलेली रूपं होती. त्यांतली दोन आजही आहेत. एक ‘बिगेट’, म्हणजे जन्म देणं. बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरातल्या वंशावळींमध्ये ते ओळीओळीला भेटतं. दुसरं ‘फरगेट’. यातला उपसर्ग हातचं जाणं सुचवतो, म्हणून ‘फरगेट’ म्हणजे पकडीतून सुटणं, विसरणं. इंग्लंडातल्या बोलींत यातला ‘ग’ घासून ‘य’ झाला होता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर हा शब्द ‘फॉरयेट’सारखा लिहितो. आपण आज ठसठशीत ‘ग’ उच्चारतो, तो नॉर्सच्या वळणाचा.

अजून मागे गेलं, तर या शब्दाचं मूळ पकडण्याच्या अर्थाशी पोचतं, आणि लॅटिनमधून आलेलं ‘कॉम्प्रिहेंड’ त्याच मुळाचं. ‘आय गेट इट’ म्हणजे ‘मला समजलं’ कसं, याचं उत्तर इथे दिसतं : पकडलं म्हणजे कळलं. आपण ज्याला ग्रहणशक्ती म्हणतो, त्यातही ‘ग्रह्’ म्हणजे पकडणंच आहे.

मिळालं की मिळवलं?

‘आय गॉट द फर्स्ट प्राइज’ हे वाक्य मराठीत आणताना आपल्याला एक निर्णय घ्यावा लागतो. ‘मला पहिलं बक्षीस मिळालं’ की ‘मी पहिलं बक्षीस मिळवलं’? पहिल्यात नम्रता आहे, दुसऱ्यात कर्तबगारी. मराठी माणूस स्वतःबद्दल बोलताना बहुधा पहिलं वाक्य वापरतो आणि वर्तमानपत्र त्याच्याबद्दल दुसरं. इंग्रजी ‘गेट’ हा भेद करत नाही. पारितोषिक जिंकलं काय, लॉटरी लागली काय किंवा थोबाडीत बसली काय, सगळीकडे ‘गॉट’.

याचं कारण वाक्याच्या बांधणीत आहे. ‘मला नोकरी मिळाली’ यात क्रियापद चालतं नोकरीच्या लिंगावर. माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि गोष्ट त्याच्याकडे येते. इंग्रजीत माणसालाच कर्ता व्हावं लागतं. एके काळी इंग्रजीतही आपल्यासारखी ‘मला वाटतं’ छापाची बांधणी होती, ‘मीथिंक्स’ या जुन्या शब्दात ती अजून दिसते. पण पुढे ती मोडली आणि सगळा भार ‘आय’वर आला.

मराठी आणखी एक बारकावा सांभाळते. आपल्यापर्यंत जे येतं, ते कसं येतं यावर आपलं क्रियापद ठरतं. मार्क पडतात. शॉक बसतो. सर्दी होते, ताप येतो. झोप लागते. कल्पना सुचते. फोन लागतो. वेळ मिळतो, सुट्टी पडते किंवा मिळते, राग येतो आणि मार बसतो. यांतल्या बहुतेक ठिकाणी इंग्रज नुसतं ‘गेट’ वापरून मोकळा होतो. म्हणजे ‘गेट’चे शेकडो अर्थ आहेत असं जे आपल्याला वाटतं, त्याचं एक कारण आपल्या बाजूलाही आहे : आपण ज्याचे दहा वाटे केले, ते इंग्रजीने एकाच ताटात ठेवलं. मराठी शिकणाऱ्या परक्याची अडचण याच्या बरोबर उलटी असते. त्याला ‘मला ऐंशी मार्क बसले’ का चालत नाही, हे कुणी समजावून सांगत नाही.

आपल्याकडेही एक क्रियापद ‘गेट’च्या तोडीचं आहे, ते म्हणजे लागणे. भूक लागते, आग लागते, वेड लागतं, वेळ लागतो, पत्ता लागतो, अर्थ लागतो, मूल रडू लागतं, ठेच लागते आणि नाइलाजाने जावंही लागतं. हे सगळं आपण न अडखळता बोलतो, कारण आपण ते यादी करून शिकलेलो नाही.

केस कुणी कापले?

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘काल केस कापले.’ कात्री न्हाव्याच्या हातात होती, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. तेच वाक्य इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ झालं, की आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली, असा अर्थ होतो. ‘डोळे तपासले’, ‘दात काढला’ यांचंही तसंच. इंग्रजीत काम दुसऱ्याकडून करून घेतलं, हे सांगावंच लागतं आणि तिथे ‘गेट’ येतं : ‘आय गॉट माय हेअर कट’. मराठीत ‘कापून घेतले’ म्हटलं की हाच भाव अचूक येतो.

यातून पुढची पायरी माणसांकडून काम करवण्याची. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे त्याला सही करायला लावली. तिथे जबरदस्ती आहे. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे त्याची सही घेतली. ते त्याचं कामच होतं. ‘आय गॉट हिम टु साइन’ म्हणजे समजावून, पटवून, प्रसंगी चहा पाजून त्याच्याकडून सही करून घेतली. या तिसऱ्या वाक्यात आधीची अनिच्छा आणि नंतरचा होकार दोन्ही आहेत. ‘गेट’चा उंबरठा इथेही आहे, या वेळी तो दुसऱ्याला ओलांडायला लावला आहे.

कर्मणी वाक्यातलं ‘गेट’ही याच घरातलं. ‘ही वॉज अरेस्टेड’ आणि ‘ही गॉट अरेस्टेड’ दोन्हींचा अर्थ त्याला अटक झाली. पण पहिलं वाक्य पोलिसांच्या पत्रकात शोभेल आणि दुसरं कट्ट्यावर. दुसऱ्यात घटनेचा धक्का आहे, आणि पुष्कळदा त्या माणसाचाही त्यात थोडा हात असल्याची कुजबुज. ‘ही गॉट हिमसेल्फ अरेस्टेड’ म्हटलं, की कुजबुज उघड होते : त्याने ती ओढवून घेतली.

झालेलं आणि असलेलं

आतापर्यंतच्या किल्लीला एक कुलूप दाद देत नाही, असं वाटू शकतं. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. यात बदल कुठे आहे? ही तर सरळ स्थिती झाली.

उत्तर मराठीत रोज सापडतं. ‘बाळ झोपलं आहे’ हे वाक्य पाहा. झोपणं ही घटना, ती होऊन गेली. पण वाक्य सांगतं ते आत्ताची स्थिती. ‘आजोबा ओट्यावर बसलेत’, ‘तिने शाल पांघरली आहे’, ‘मला कळलंय’ : सगळीकडे क्रिया मागे पडली आणि तिचा परिणाम समोर उरला. ‘हॅव गॉट’चं तेच झालं. मिळालेलं आहे, म्हणजेच आहे. वापरून वापरून मिळण्याची घटना पुसट झाली आणि नुसतं असणं राहिलं.

इथे ब्रिटन आणि अमेरिका वेगळे होतात. ‘गेट’चं ‘गॉटन’ हे जुनं रूप सतराव्या शतकात अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलं आणि तिथे टिकलं. ब्रिटनमध्ये ते हळूहळू मागे पडलं, ‘फरगॉटन’सारख्या शब्दांत मात्र उरलं. त्यामुळे अमेरिकन माणसाकडे दोन पर्याय आहेत. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली. न्यू जर्सीतला भाचा ‘गॉटन’ म्हणाला, तर ती चूक नव्हे. तिकडची ती रीतच आहे.

याच्याच शेजारी एक खड्डा आहे, त्यात भलेभले अडखळतात. ‘आय गॉट टु मीट हर’ म्हणजे तिला भेटायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टु मीट हर’ म्हणजे तिला भेटावंच लागणार आहे. पहिल्यात संधी, दुसऱ्यात सक्ती. मराठी हे दोन भाव ‘जायला मिळालं’ आणि ‘जावं लागलं’ असे दोन क्रियापदांनी स्वच्छ वेगळे ठेवते. इंग्रजीत सगळी मदार मधल्या ‘हॅव’वर. बोलताना ते ‘हॅव’ बऱ्याचदा गिळलं जातं, दोन शब्दांचं ‘गॉटा’ होतं, आणि मग संदर्भावरूनच ओळखावं लागतं.

पुढच्या छोट्या शब्दांची करामत

‘गेट’च्या पुढे ‘अप’, ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘बाय’ असे शब्द लागले की खरी तारांबळ उडते. यांतले काही सरळ जागेचे आहेत. बसला ‘गेट ऑन’, टॅक्सीला ‘गेट इन’. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, तिथे ‘ऑन’. जिथे वाकून थेट आसनावरच टेकायचं, तिथे ‘इन’. मराठीतही आपण बसमध्ये चढतो, आणि रिक्षात मात्र बसतो. विभागणी जवळजवळ तीच.

बाकीच्यांत जागा मनातली असते. ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःख किंवा आजार ओलांडून पलीकडे जाणं, त्यातून सावरणं. ‘गेट बाय’ म्हणजे कडेकडेने निभावून नेणं. ‘कसंबसं भागतं’ हे त्याचं चोख मराठी. ‘गेट अलाँग’ म्हणजे दोघांचं जमणं. ‘गेट अवे विथ’ या जोडशब्दाने अनुवादक मेटाकुटीला येतात. त्याला मराठीत ‘पचणे’ आहे : खोटं बोलला आणि ते पचलं. ‘गेट राउंड टु’ म्हणजे इतर कामांना वळसा घालून अखेर एखाद्या कामाशी पोचणं. नकारार्थी असेल, तर ‘त्याला मुहूर्तच लागला नाही’. ‘गेट द हँग ऑफ’ म्हणजे एखाद्या कामात हात बसणं. ‘गेट विंड ऑफ’ म्हणजे कुणकुण लागणं. आणि एखाद्याचं बोलणं ‘गेट टु’ झालं, म्हणजे ते मनाला लागलं.

कुठे वापरावं, कुठे नाही

1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडचे राजे झाले आणि फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली. तेव्हापासून इंग्रजीत एकाच कामासाठी घरचा शब्द आणि दरबारी शब्द अशा जोड्या दिसतात. ‘गेट’ घरचा, ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अक्वायर’ दरबारी. आपल्याकडे ‘पत्र मिळालं’ आणि ‘आपले पत्र प्राप्त झाले’ यांत जे अंतर आहे, तेच. अर्जात, करारात, प्रबंधात ‘गेट’ जपून वापरावं, हा संकेत योग्यच आहे.

आपल्याकडे मात्र इंग्रजी कचेरीतून आणि पाठ्यपुस्तकातून आली, त्यामुळे उलटा दोष दिसतो. मित्राला ‘आय हॅव रिसीव्ह्ड फीव्हर’ म्हणणारा विरळा, पण ‘डिड यू रिसीव्ह माय मेसेज’, ‘आय रीच्ड होम’, ‘आय बिकेम अँग्री’ हे सर्रास ऐकू येतं. व्याकरणाने यांत चूक नाही. फक्त स्वयंपाकघरात बसून ‘मजला क्षुधा लागली’ म्हणावं, तसा सूर लागतो. त्या तिन्ही ठिकाणी ‘गेट’ घातलं, की वाक्य अंगणात येतं.

शिकणाऱ्याने अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा ‘गेट’ दिसलं की दोन प्रश्न विचारावेत : आधी काय नव्हतं, आणि आता काय झालं? मग तोच बदल मराठीत कसा बोललो असतो, ते आठवावं. एक लांबलचक वाक्य घेऊन पाहू : ‘द मीटिंग गॉट कॅन्सल्ड, सो आय गॉट टु लीव्ह अर्ली, बट आय गॉट स्टक इन ट्रॅफिक अँड गॉट होम अॅट नाइन.’ मीटिंग रद्द झाली, म्हणून लवकर निघायला मिळालं, पण ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि नऊला घरी पोचलो. चार ‘गेट’, चार निराळी मराठी क्रियापदं, आणि कोश एकदाही उघडावा लागला नाही.